पर्समधली टॉर्च: मुंबईच्या पावसासाठी छोटी वॉटरप्रूफ टॉर्च कशी निवडावी

मी परळला एका लॅबमध्ये पाळ्यांचं काम करते, राहायला कुर्ल्याला. जुलै २०१९च्या पहिल्या दोन दिवसांत मुंबईत जो पाऊस कोसळला, त्यात एका रात्री लोकल बंद पडल्या आणि आम्ही तिघीजणी चालत निघालो. हिंदमाता, दादर टीटी, किंग्ज सर्कल, सायन, मग कुर्ला. माझ्या पर्समध्ये टॉर्च होती आणि तिच्या खोक्यावर ‘वॉटरप्रूफ’ असं ठळक अक्षरात छापलेलं होतं. दादर टीटी यायच्या आतच ती विझली. पर्सच्या तळाशी बोटभर पाणी साचलं होतं आणि टॉर्च त्यात पडून होती. पुढचा सगळा रस्ता मोबाईलच्या उजेडात काढला, ओल्या बोटांनी ओला स्क्रीन चालेना म्हणून दर पाच मिनिटांनी ओढणीच्या कोरड्या टोकाने पुसत. सायनला मोबाईलही संपला. घरी आई रात्रभर दाराशी बसून होती, कारण तिला कळवायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

तेव्हापासून एक नियम केला: मोबाईलची बॅटरी फोन करण्यासाठी, उजेडासाठी वेगळी वस्तू. त्यानंतर चुकत-शिकत अनेक टॉर्च घेतल्या, उघडल्या, बुडवल्या. ज्यांना पहिल्यांदाच घ्यायची आहे, त्यांना माझ्या चुका पुन्हा करायला लागू नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. आधी ठरवा, ही टॉर्च कुठे राहणार

घरातल्या कपाटात राहणारी टॉर्च आणि रोज अंगावर वागवायची टॉर्च या दोन वेगळ्या वस्तू आहेत. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज एकदम गेली तेव्हा माझी चांगली मोठी टॉर्च घरी होती आणि मी कामावर. रोज बाळगायची टॉर्च इतकी लहान हवी की ती सोबत आहे हे विसरायला व्हावं. खिशात किंवा पर्समध्ये जड झाली, तर आठवड्याभरात आपण ती घरी ठेवायला लागतो.

म्हणून पहिला प्रश्न: खिसा, पर्स की किल्ल्यांचा जुडगा? किल्ल्यांना अडकवायची तर रिमोटच्या सेलवर (एएए) चालणारी, साधारण ७ ते ८ सेंटिमीटर लांबीची. खिशात किंवा पर्समध्ये ठेवायची तर पेन्सिल सेलवर (एए) चालणारी, ९ ते १० सेंटिमीटरची. दुकानात ‘पेन्सिल सेल’ म्हटल्यावर कोणी बारका देतं, कोणी मोठा. तेव्हा एए किंवा एएए असं सांगूनच मागा.

२. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द सोडा, आकडा वाचा

माझी पहिली चूक इथेच झाली. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द कोणीही छापू शकतो. बघायचा असतो तो आयपी क्रमांक. आयपीच्या पुढे दोन जागा असतात: पहिली धुळीची, दुसरी पाण्याची. पहिल्या जागी एक्स असेल तर धुळीची चाचणी नोंदवलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. धूळ आत जातेच असं नाही.

पाण्याचे आकडे असे समजून घ्या. ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे सोसते. छत्रीखाली चालेल, साचलेल्या पाण्यात पडली तर नाही. ६ म्हणजे जोरदार फवारा सोसते. ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं बुडून राहिली तरी चालते. ८ म्हणजे ७ पेक्षा कडक अटीवर, आणि ती अट उत्पादकाने स्वतः सांगायची असते. म्हणून नुसतं ‘आयपीएक्स८’ वाचून थांबू नका, त्यासोबत ‘२ मीटर’ असं काही लिहिलंय का ते बघा. खोली लिहिलीच नसेल तर मी ती टॉर्च परत ठेवते.

एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ७ चा आकडा मिळाला म्हणजे ६ ची परीक्षा आपोआप पास झाली असं होत नाही. स्थिर पाण्यात बुडणं आणि जोराचा फवारा बसणं या वेगळ्या चाचण्या आहेत. बाईकवरून वाऱ्यापावसात जाणाऱ्यांनी दोन्ही आकडे दिलेली टॉर्च शोधावी.

या चाचण्या नव्या कोऱ्या वस्तूवर आणि स्वच्छ पाण्यात होतात. आपल्याकडे तुंबलेलं पाणी म्हणजे चिखल, तेल आणि भरतीच्या वेळी थोडं खारं पाणीसुद्धा. त्यामुळे मुंबईसाठी माझी किमान मर्यादा आयपीएक्स७, आणि जमल्यास ८.

३. सेल: इथे घाई करू नका

सध्या बाजारात दिसणाऱ्या बहुतेक छोट्या टॉर्चना मोबाईलसारखं चार्जिंगचं भोक असतं, त्यावर रबरी झाकण. सोयीचं वाटतं, पण पाण्याच्या दृष्टीने सगळ्यात कच्ची जागा तीच. ते रबर रोज उघड-मीट करून सैल होतं, एखाद्या दिवशी नीट दाबलं जात नाही, आणि पाणी तिथूनच शिरतं. माझी दादरला विझलेली टॉर्च उघडली तेव्हा त्या भोकातल्या पत्र्यांवर हिरवा थर चढला होता. काही टॉर्चमध्ये भोक आतल्या बाजूला असतं, पुढचा भाग आटे फिरवून वर केला की दिसतं. ते पुष्कळ बरं.

चार्जिंगवालीच घ्यायची असेल तर दुकानातच एक करून बघा. दोन्ही टोकांना सी-टाइप पिन असलेल्या वायरने ती चार्ज होते का? अनेक स्वस्त टॉर्च फक्त जुन्या चपट्या यूएसबी पिनच्या वायरनेच चार्ज होतात, कारण आतले दोन छोटे रेझिस्टर बसवलेलेच नसतात. नव्या मोबाईलच्या चार्जरला लावली तर दिवासुद्धा लागत नाही, आणि आपल्याला वाटतं टॉर्चच खराब.

माझी निवड स्पष्ट आहे: भोक नसलेली, एका एए सेलवर चालणारी टॉर्च. मुंबईत रात्री अकरालाही पानाच्या टपरीवर हा सेल मिळतो. वीज गेली, पॉवर बँक संपली, तरी टॉर्च पुन्हा चालू होते.

पण कुठला सेल घालायचा? साधा अल्कलाइन सेल महिनोन् महिने आत राहिला की त्याला पाणी सुटतं. ते पाणी क्षारयुक्त असतं, स्प्रिंग खातं आणि सेल आतच चिकटवून टाकतं. म्हणून अल्कलाइन फक्त अडीअडचणीला. रोजच्यासाठी रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या, त्यातही ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ लिहिलेला, म्हणजे पडून राहिला तरी चार्ज टिकवणारा. एए मध्ये साधारण २,००० एमएएचचा प्रामाणिक सेल मिळतो, एएए मध्ये ७५० ते ८०० चा. त्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं बघून घाबरू नका, बहुतेक चांगल्या टॉर्च त्यावर नीट चालतात. आणीबाणीसाठी न उघडलेला एए लिथियम सेल (रिचार्ज न होणारा, १.५ व्होल्टचा) पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवा. तो हलका असतो आणि वर्षानुवर्षं टिकतो.

इथे एक मोठा सापळा आहे. १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला अगदी एए सारखाच असतो, पण पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट देतो. टॉर्चच्या माहितीपत्रकात १४५०० चालतो असं लिहिलेलं नसेल आणि तुम्ही तो घातलात, तर एलईडी किंवा आतलं सर्किट जळू शकतं.

१८६५० या जाड सेलच्या टॉर्च जास्त वेळ चालतात, पण सेलच ४५ ग्रॅमच्या वर. त्या घेणाऱ्यांसाठी एवढंच: या मापातले बहुतेक खरे सेल ३,५०० एमएएचच्या आसपास किंवा त्याहून कमीच असतात. सेलवर ९,९०० लिहिलं असेल तर तो आकडा खोटा आहे, आणि अशा सेलच्या सुरक्षिततेवरही विश्वास ठेवू नये. लिथियम सेलवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी, म्हणजे आयएस १६०४६ आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक बघा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो.

४. उजेड किती हवा

खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा ल्युमेनचा, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाचा असतो आणि सगळे त्यालाच भुलतात. मीही भुलले होते. लहान टॉर्च पूर्ण जोरात लावली की एक-दोन मिनिटांत तापते आणि आपला उजेड आपोआप कमी करते. त्यामुळे १,००० ल्युमेनची हौस अगदी अल्पकाळाची असते.

प्रत्यक्षात काय लागतं? अंधारात पर्समधली किल्ली शोधायला १ ते ५ ल्युमेन. जिना उतरायला १० ते २०. काळोखी गल्ली पार करायला ५० ते १००. पाण्यातून चालताना, पुढचा खांब आणि लोंबणारी वायर दिसायला १०० ते २००. आमच्या चाळीच्या जिन्यात मी कायम सर्वांत कमी उजेडच लावते. त्याने शेजारच्यांची झोपही मोडत नाही.

म्हणून सर्वांत जास्त उजेड किती यापेक्षा सर्वांत कमी किती हे विचारा. आणि टॉर्च लावल्यावर आधी कमी उजेड येतो की थेट डोळे दिपवणारा? माझ्या मते कमी उजेडाने सुरू होणारीच घ्यावी.

खोक्यावर ‘एएनएसआय एफएल१’ किंवा नुसतं ‘एफएल१’ लिहिलं असेल तर आकडे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले आहेत असा दावा असतो. त्या पद्धतीत ल्युमेन टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान मोजतात आणि चालण्याचा वेळ उजेड मूळच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत धरतात. म्हणजे ‘२० तास’ यातले बरेचसे तास मिणमिणत्या उजेडाचे असू शकतात. अंतराचा आकडाही तसाच. १०० मीटर म्हणजे तिथे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड पोचतो. चेहरा ओळखायला त्याच्या निम्म्याहून कमी अंतर धरा.

झोत रुंद हवा की अरुंद? शहरात रुंद. पायाखालचा फूटपाथ आणि दोन्ही कडा एका वेळी दिसायला हव्यात. रंगाबद्दल एक सुचवते: निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळसर, ४,००० ते ५,००० केल्व्हिनचा उजेड घ्या, आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० किंवा जास्त असेल तर फारच चांगलं. रक्त, गंज, तेलाचा तवंग, वायरचा रंग हे सगळं नीट ओळखू येतं.

५. बटण

मागच्या टोकाचं, आवाज करणारं बटण डोळे मिटूनही सापडतं. बाजूचं नाजूक बटण पर्समध्ये आपोआप दाबलं जाऊन टॉर्च तासन् तास जळत राहू शकते. माझ्या एका सहकारी ताईंच्या पर्सचं अस्तर त्यामुळे करपलं. बाजूचं बटण असेल तर लॉक करायची सोय आहे का बघा. नसेल तर मागचं झाकण पाव फेरा सैल करून सर्किट तोडता येतं, पण आट्यांवरही रंगीत किंवा राखाडी थर असेल तरच. चकचकीत उघड्या आट्यांवर हे चालत नाही. पाव फेऱ्याहून जास्त सैल करू नका, नाहीतर आट्यांजवळची, पाणी अडवणारी रबरी रिंग उघडी पडेल.

लुकलुकणारा झोत मध्येच येणार नाही अशी टॉर्च घ्या. पाण्यात उभं राहून तीनदा बटण दाबत बसणं फार त्रासाचं असतं.

६. बांधणी

अॅल्युमिनियम, त्यावर हार्ड अॅनोडायझिंग, म्हणजे धातूवर चढवलेला कठीण थर. मनगटात अडकवायला दोरीचं भोक हवंच हवं. तुंबलेल्या पाण्यात निसटलेली टॉर्च पुन्हा मिळत नाही.

७. कुठे घ्यायची आणि काय जपून ठेवायचं

लोहार चाळीत आणि मनीष मार्केटमध्ये हातात घेऊन बघता येतं, ते ऑनलाइनमध्ये होत नाही. सेल आणि चार्जरसाठी लॅमिंग्टन रोड. हातात घेतल्यावर एवढं करा: मागचं झाकण उघडा, आट्यांजवळ काळी किंवा लाल रबरी रिंग आहे का बघा. एकापेक्षा दोन असल्या तर उत्तम. रिंग नसलेली टॉर्च वॉटरप्रूफ असूच शकत नाही, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. झाकण फिरवताना करकर लागली तर आट्यांत कचरा आहे. काचेच्या कडेने बोट फिरवा, फट जाणवली तर ठेवून द्या.

मी असल्या मालाच्या बाबतीत एकदा फसले. दुकानदार म्हणाले, “ताई, पावसात चालते, काळजी करू नका.” बिल मागितलं नाही, आणि महिन्याने परत गेले तेव्हा त्यांनी ओळखच दाखवली नाही. म्हणून हे सगळं हाताशी ठेवा:

पक्कं बिल, त्यावर मॉडेलचं नाव लिहून घेतलेलं. खोक्याचा चारही बाजूंनी फोटो, आयपी क्रमांक आणि खोली दिसेल असा. वॉरंटी कार्डावर शिक्का आणि तारीख. ऑनलाइन घेतली असेल तर उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट, कारण तिथला मजकूर नंतर बदलू शकतो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

८. बादलीची परीक्षा, पहिल्या आठवड्यातच

परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. लागणारं सामान: बादली, टिश्यू पेपर, मोबाईल, सुकं सुती कापड.

पहिली फेरी सेलशिवाय. सेल काढा, त्या जागी टिश्यूची सुरळी घाला, झाकण घट्ट लावा. बादलीत तळाशी अर्धा तास ठेवा. बाहेर काढून आधी बाहेरून पूर्ण पुसा, आटे खाली धरून झाकण उघडा आणि टिश्यू बघा. एक ओला ठिपकाही दिसला तर ती टॉर्च परत. सुरुवातीपासून मोबाईलवर चित्रण करा, खोक्यावरचा आकडाही त्यात दाखवा.

दुसरी फेरी सेल घालून, आणि ती फारच थोडे लोक करतात. टॉर्च मध्यम उजेडावर पाच मिनिटं लावून कोमट होऊ द्या, मग थंड पाण्यात बुडवा. तापलेल्या टॉर्चमधली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढायला बघते. गार टॉर्च पाणी सहज सोसते. कच्ची रिंग इथे उघडी पडते. पावसात खरं तर हेच घडतं: लावलेली, गरम टॉर्च हातातून पाण्यात पडते. दहा मिनिटांनी काढून काचेच्या आत बघा. पाण्याचे थेंब असतील तर नापास. फक्त धूसर वाफ असेल आणि तासाभरात गेली, तर ती आत अडकलेल्या दमट हवेची असू शकते. कोरड्या, एसीच्या खोलीत झाकण थोडा वेळ उघडून ठेवा आणि पुन्हा करून बघा. पुन्हा धुकं धरलं तर परत करा.

रिचार्जेबल लिथियमची टॉर्च नापास झाली तर ती चार्जिंगला अजिबात लावू नका.

९. पावसात वापरताना

टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरलीत तर समोरचे थेंबच चमकतात आणि पुढचं दिसेनासं होतं. कमरेजवळ, खाली झुकवून धरा.

गढूळ पाण्यातून टॉर्च तळ दाखवत नाही, हे मनाशी पक्कं ठेवा. ऑगस्ट २०१७ च्या पुरात परळजवळ एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले. त्या वाटेने मी रोज जाते. पाणी गढूळ असेल तर लांब दांड्याच्या छत्रीने पुढची जमीन चाचपत चाला, आणि शक्य असेल तर थांबा. टॉर्चचा उपयोग भोवरा, तरंगतं झाकण, उघड्या मॅनहोलच्या खुणेसाठी कोणी रोवलेली फांदी आणि लोंबणारी वायर दिसायला. विजेच्या खांबाला हात लावू नका. उघडं मॅनहोल दिसलं तर महापालिकेला १९१६ वर कळवा.

लोकल मध्येच थांबली आणि रेल्वेच्या माणसांच्या सूचनेने रुळांवर उतरावं लागलं, तर टॉर्च पायाशीच धरा, गाडीच्या दिशेने हलवू नका. लाल दिवा, किंवा जोरात आडवा हलवलेला पांढरा दिवासुद्धा, रेल्वेत थांबण्याचा इशारा मानला जातो.

१०. निगा

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी टॉर्च उघडते. रबरी रिंग टूथपिकच्या बोथट बाजूने काढते, कापडाने पुसते, चीर दिसली तर बदलते. त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर, नुसती ओलसर चमक येईल एवढाच. व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावू नका. काही प्रकारचं रबर त्याने फुगतं आणि मग रिंग बसत नाही. टॉर्चसोबत सुट्या रिंग आल्या असतील तर त्या बिलाच्या पाकिटातच ठेवा.

तुंबलेल्या पाण्यातून आल्यावर झाकण बंद असतानाच नळाखाली धुवा, पुसा, मग उघडा. सेलला पाणी सुटलं असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन स्प्रिंग साफ करा, नंतर कोरडी काडी फिरवा. संपलेले सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

आता माझी टॉर्च पर्सच्या वरच्या बाहेरच्या कप्प्यात, दोरी बाहेर ठेवून असते, म्हणजे अंधारात पर्सची चेन न उघडता ओढून काढता येते. आईच्या उशाशीही तसलीच एक ठेवली आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती स्वतः लावून बघते.